नखेत्र केव्हा उतरावे?

२०२५ सालच्या फेब्रुवारीतील गोष्ट. पेडण्याच्या न्यायालयातले काम आटोपून मी डिचोलीस परतत होतो. सोबतीला माझ्याहून दहा-बारा वर्षांनी वडील असलेले एक वकील स्नेही होते. एका अशिलाची कागदावर सही घ्यायची राहिली होती, म्हणून हमरस्ता सोडून आम्ही आतल्या एका वाड्यावर गाडी घातली. दिवेलागणीची वेळ झाली होती. वाड्याच्या टोकाला एक बैठे कौलारू घर, अंगणात चुन्याने रंगवलेला खुरीस आणि पुढच्या पडवीच्या वाशाला टांगलेले कागदाचे पांढरे नखेत्र. नखेत्रात दिवा लागलेला होता. नाताळ होऊन पन्नासावर दिवस उलटले होते. स्नेह्यांनी ते पाहिले, मनातल्या मनात तारखांचा हिशेब केला आणि म्हणाले, "आळसालासुद्धा कायद्याने काही मुदत घालून द्यायला हवी."

मी हसलो खरा. पण कोलवाळचा पूल ओलांडून गेलो तरी ते नखेत्र डोळ्यांपुढून हलेना. सोळा वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या घरापुढे सणाचा एक दिवा असाच मुदतीबाहेर लोंबकळत राहिला होता. त्याची हकीकत पुढे सांगेन. तत्पूर्वी जो प्रश्न त्या संध्याकाळी मनात उभा राहिला तो नीट मांडावा हे बरे.

सणाची आरास केव्हा लावावी आणि केव्हा उतरावी, हा नीतीचा प्रश्न आहे असे म्हटले तर पुष्कळांना हसू येईल. घर माझे, वासा माझा, कागद माझ्या पैशाचा, विजेचे देयकही मीच भरणार. मग माझा दिवा पंधरा दिवस राहो की पन्नास दिवस, त्यात दुसऱ्याचा काय संबंध? मालकी हक्काची भाषा बोलू लागलो तर या युक्तिवादाला उत्तर नाही. पण कंदील किंवा नखेत्र आपण माजघरात टांगत नाही, दारापुढे टांगतो. ते टांगताना आपण जाणाऱ्या-येणाऱ्याला काहीतरी सांगत असतो. 'आज आमच्या घरी सण आहे' असे ते सांगणे आहे. सण सरल्यावरही ते सांगणे तसेच चालू राहिले तर ते खोटे ठरते काय? आणि ठरत असेल, तर ते कोणाशी बोललेले खोटे? शेजाऱ्याशी, देवाशी, की स्वतःशी? माझा प्रश्न एवढाच आहे.

लावण्याच्या वेळेविषयी वाद कमी. ख्रिस्ती पंचांगात नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारापासून प्रतीक्षेचा काळ धरतात, आणि आमच्या भागातली ख्रिस्ती मुले डिसेंबर उजाडला की कामट्या तासायला बसतात. गोठा मांडायचे काम त्याच्या मागोमाग येते. येशूच्या जन्माचा देखावा गवत आणि जिवंत गुरे घेऊन मांडण्याची कल्पना असिसीच्या संत फ्रान्सिसाने १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी रूढ केली. त्यासाठी डिचोलीच्या पोराला आज शेजारच्या हिंदू घरच्या गोठ्यातून मूठभर पेंढा मागून आणावा लागतो, आणि तो मिळतो. अलीकडे बाजार घाई करू लागला आहे. आकाशकंदिलाच्या दोरीवरच दुकानदार नखेत्रे लटकवतात. पण लवकर लावणाऱ्याला कोणी नावे ठेवीत नाही. उतावीळ माणसाचा आनंद आपण मनावर घेत नाही. नावे ठेवली जातात ती उशिरा उतरवणाऱ्याला.

आता उतरवण्याची तारीख कोणती? नियम शोधू लागलो की एकाच धर्मात, एकाच सणाला, किती नियम निघतात हे पाहून वकिलालाही कौतुक वाटावे. पहिला आणि सर्वांत परिचित नियम सहा जानेवारीचा. पूर्वेकडील तीन राजे तारा पाहत पाहत बाळाच्या दर्शनाला पोचले तो हा दिवस. ज्या ताऱ्याची प्रतिमा म्हणून नखेत्र टांगायचे, त्याचे काम त्या दिवशी पुरे झाले. तेव्हा त्याने उतरावे, हे तर्कशुद्ध वाटते. गोव्यात वेऱ्याच्या रेइश मागुश किल्ल्याखालच्या चर्चेत, चांदोर गावी आणि कांसावलीजवळच्या कुएलीच्या टेकडीवर हा दिवस मोठ्या थाटाने साजरा होतो. कांसावली, आरोशी आणि कुएली या तीन गावांनी एकेक राजा द्यायचा, आणि त्या तीन पोरांनी मुकुट घालून घोड्यावरून टेकडी चढायची. इंग्लंडातल्या लोकांनी मात्र या सरळ तारखेतही भांडण काढले. बारा रात्री मोजायच्या त्या पंचवीस तारखेपासून की सव्वीसपासून, यावरून कोणी पाच जानेवारीस आरास उतरवतो, कोणी सहास. आणि त्यानंतर घरात राहिलेली पाने अपशकुन करतात असा समज तेथे आहे. स्वीडन देशात संत क्नुटाचा दिवस, म्हणजे तेरा जानेवारी, ही शेवटची तारीख. त्या दिवशी मुले नाताळच्या झाडावरचा खाऊ लुटतात आणि झाड घराबाहेर टाकतात. रोमन चर्चच्या १९६९ साली सुधारलेल्या पंचांगाप्रमाणे नाताळचा काळ संपतो तो येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला. पोलंडसारख्या देशांत तर दोन फेब्रुवारीपर्यंत आरास राहते. त्या दिवशी, जन्मानंतर चाळिसाव्या दिवशी, मातेने बाळाला यरुशलेमच्या मंदिरात नेले अशी कथा आहे. ही तारीख आपल्या बायकांना कोणी न समजावताही समजेल. बाळंतिणीचा सव्वा महिना सरल्याशिवाय ती देवळात जात नाही हे त्यांना ठाऊक असते.

आणि हे सगळे झाल्यावर आमच्या पेडणे महालातल्या मोरजीच्या किनाऱ्यावर जे रशियन पाहुणे उतरतात, त्यांचा नाताळच मुळी सात जानेवारीला! जुन्या पंचांगाशी इमान राखल्याने ते तेरा दिवस मागे आहेत. म्हणजे गावच्या माणसाने नखेत्र उतरवावे आणि शेजारच्या खोलीत उतरलेल्या पाहुण्याने दुसऱ्या दिवशी टांगावे, असा योग तेथे दर वर्षी येतो. कोण बरोबर? दोघेही आपापल्या पंचांगाला बांधलेले आहेत. तारीख कोणती यापेक्षा तारीख आहे याला महत्त्व असावे, असे मला यावरून वाटू लागले.

आपल्याकडे पाहावे तर असाच प्रकार. चवथीचा गणपती कोणाकडे दीड दिवस, कोणाकडे पाच, कोणाकडे सात, नऊ, अकरा, काही घरी एकवीस दिवस. शेजारी-शेजारी दोन घरे, मूर्ती एकाच चित्रशाळेतल्या, आणि एकीकडे आरती चालू असता दुसरीकडे रिकामा चौरंग. पण ज्या घरी जितके दिवस ठरले तितकेच. त्या मुदतीत घरधन्याला घट-वाढ करता येत नाही, निदान हौसेखातर तरी नाही. उत्तरपूजा झाली, मूर्ती जागची किंचित हलवली, की तिच्यावर बांधलेली माटोळी त्याच घटकेपासून नुसती फळे होते. कवंडळे, कांगले, तोरिंगे, चिबूड, सुपारीचे घोस, नारळ. दोन दिवसांपूर्वी सत्तरीच्या आणि डिचोलीच्या रानांतून जमवलेले, बाजारात घासाघीस करून घेतलेले हे वैभव सोडताना मी लहानपणी रडत असे. वडील म्हणत, "देव गेला, आता ते त्याचे नव्हे. खाण्याजोगे असेल ते वाटून टाका."

आकाशकंदिलाचे थोडे निराळे. आश्विनाच्या अखेरीस तो चढतो, तुळशीच्या लग्नाला, म्हणजे आमच्या व्हडल्या दिवाळीला, झळकतो आणि त्रिपुरी पौर्णिमेला त्याची मुदत संपते. त्या रात्री साखळीजवळच्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीवर कागदाच्या, थर्माकोलाच्या, केळीच्या सोपांच्या सजवलेल्या नावा सोडतात आणि त्रिपुरासुराचा वध होतो. नदीच्या दोन्ही काठांवर माणूस मावत नाही. आमच्या घरचा रिवाज असा की ती रात्र पाहून परत आल्यावर शेवटचा दिवा लावायचा, आणि दुसऱ्या सकाळी कंदील उतरवायचा. शास्त्रग्रंथांत आकाशदीप हा विष्णूसाठी आणि पितरांसाठी सांगितला आहे. अंधारात वाट चुकू नये म्हणून उंच लावलेला दिवा तो. ख्रिस्ती शेजाऱ्याचे नखेत्रही वाट दाखवण्यासाठीच. हे साम्य मी ओढून-ताणून दाखवीत नाही. ज्या कामट्यांची एकाने पाकळी केली तिचीच दुसऱ्याने ताऱ्याची टोके केली, हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे.

येथे एक तक्रार नोंदवल्यावाचून राहवत नाही. लावण्याचे काम दहाजण मिळून करतात. उतरवायला एकच माणूस येतो, आणि तो बहुधा घरातली बाई असते. नरकासुराचेच पाहा. चतुर्दशीच्या आधी पंधरा दिवस वाड्यावरची पोरे रात्र-रात्र जागून बांबूचा सांगाडा बांधतात, वर्गणी गोळा करतात, पहाटे त्याला जाळतात, आणि घरी जाऊन फोव खातात. मग त्या असुराचा अर्धवट जळलेला सांगाडा, तारा आणि पत्रे रस्त्याच्या कडेला महिनाभर पडून राहतात. असुराला मारण्यात पुण्य आहे. त्याचे मढे उचलण्यात कोणी पुण्य सांगितलेले नाही, म्हणून ते नगरपालिकेच्या वाट्याला येते. सणाचा खरा भाविक ओळखायचा असेल तर त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी गाठावे.

तारीख असावी हे मान्य केले की लगेच दुसरा प्रश्न येतो. ती ठरवायची कोणी? आमच्या भूमीला या प्रश्नाचे कडू उत्तर ठाऊक आहे. घराच्या आत आणि दारापुढे काय ठेवावे हे राजसत्तेने आणि धर्मसत्तेने मिळून ठरवण्याचा प्रयोग जुन्या काबिजादींत झाला. इन्क्विझिशनच्या १७३६ सालच्या फर्मानाने ख्रिस्ती झालेल्या गोंयकारांच्या लग्नातली गाणी, विडे, फुले येथपासून दारातली तुळशीसुद्धा निषिद्ध ठरवली. पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल पोर्तुगिजांकडे आले ते १७८१ ते १७८८ या काळात, तोवर राज्यकर्त्यांची ती धग ओसरली होती, आणि नव्या काबिजादींतल्या लोकांच्या चालीरीतींना हात लावणार नाही असे त्यांना कबूल करावे लागले. पुढे १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यास १८७० मध्ये लागू झाली तेव्हाही रूढीला जागा ठेवण्यात आली, आणि १८८०च्या डिसेंबरातील हुकुमाने हिंदूंच्या काही चाली लेखी मान्य केल्या. कायद्याचा विद्यार्थी म्हणून मला यातले इंगित असे दिसते की घराच्या उंबऱ्यावरच्या गोष्टी बाहेरच्या हुकुमाने ठरत नाहीत. ठरवल्या तर माणसे त्या लपून करू लागतात. म्हणून माझ्या स्नेह्यांनी विनोदाने मागितलेला मुदतीचा कायदा मला विनोदातही नको आहे.

पण हुकूम नको म्हणजे काहीच नको असे नव्हे. आज आमच्या किनारपट्टीवर हरमलपासून मोरजीपर्यंत शेकडो उपाहारगृहे आणि निवासगृहे आहेत. त्यांच्या माडांना ऑक्टोबरात दिव्यांच्या माळा गुंडाळल्या की त्या पाऊस सुरू होईपर्यंत सुटत नाहीत. दिवाळीही त्यांच्याखाली होते, नाताळही, शिगमोही. कोणाला त्या माळा खटकत नाहीत, कारण कोणी त्या पाहतच नाही. तेथला एक वाढपी पोरगा, मूळचा आमच्या डिचोलीकडचा, मला म्हणाला होता की नाताळच्या रात्री तेथे वेगळे असे काही वाटत नाही. वाटावे म्हणून मालकाने गाणी मोठ्याने लावायला सांगितले होते. उतरणार नाही असा दिवा चढवण्यात अर्थ उरत नाही हे त्या पोराला कळले होते. हे मी तेव्हा पटवून घेतले आणि बराच काळ तेवढ्यावरच समाधानी राहिलो. मुदत पाळावी, मुदत पाळल्यानेच सण सण राहतो. पेडण्यातले ते नखेत्र दिसले नसते तर हा लेख मी येथेच संपवला असता.

आता माझ्या घरची हकीकत. माझे वडील दर वर्षी आकाशकंदील स्वतः करीत. कामट्या भिजवायच्या, दोऱ्याने बांधायच्या, खळ शिजवायची, जिलेटिनचा कागद चिकटवायचा. विकतचा कंदील आमच्या दाराला त्यांनी कधी लागू दिला नाही. २००९ सालच्या दिवाळीत, भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी, ते अकस्मात गेले. कंदील दाराला होता. त्या रात्री तो लागला नाही. सुतक फिटले, तुळशीचे लग्न त्या वर्षी आमच्या दारी झाले नाही, विठ्ठलापूरची पौर्णिमा आली आणि गेली. कंदील उतरवायचा तो वडिलांनी, हा घरचा शिरस्ता. तेव्हा तो उतरवायला कोणाचाच हात पुढे होईना. मी त्या वेळी नुकता वकिलीत स्थिरावत होतो. रोज सकाळी त्याच्याखालून बाहेर पडत असे आणि रोज संध्याकाळी त्याच्याखालून आत येत असे. दंवाने कागद सुटला, एक पाकळी फाटून खाली लोंबू लागली. आई काही बोलत नसे. पण ओटीवर बसायचे तिने सोडून दिले होते, हे मला फार उशिरा उमगले.

आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहत असे. घरधनी सुतार, वडिलांहून चार-पाच वर्षांनी लहान. दिवाळीला आमच्याकडून फोव त्यांच्याकडे जायचे, नाताळला त्यांच्याकडून कोंसुआदीचे ताट यायचे. त्या नाताळला ताट आले ते झाकलेले, न बोलता ठेवून गेले. सहा जानेवारीच्या सकाळी त्याने शिडी लावून आपले नखेत्र उतरवले. मग तीच शिडी उचलून तो आमच्या अंगणात आला, आमच्या भिंतीला लावली, वर चढून कंदील सोडवला, कागद नीट मिटवला, कामट्या एकत्र बांधल्या आणि ते सगळे ओटीच्या कोपऱ्यात ठेवून निघाला. त्याने कोणाला विचारले नाही. मी दारात उभा राहून पाहत होतो. मला आधी राग आला हे कबूल केले पाहिजे. परवानगीवाचून दुसऱ्याच्या हद्दीत शिरणे आणि त्याच्या वस्तूला हात लावणे याला कायद्यात काय म्हणतात हे मला नुकतेच पाठ झाले होते! तेवढ्यात आई आतून बाहेर आली. तिने कोपऱ्याकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "बरें केलें." तो म्हणाला, "आज राजांचो दीस. सगळ्यांचें देंवयतात." आणि शिडी खांद्यावर टाकून निघून गेला. त्या संध्याकाळी आई ओटीवर येऊन बसली.

हे घडले नसते तर पेडण्यातल्या त्या घराविषयी मी माझ्या स्नेह्यांशी सहमत झालो असतो. आणि घडले म्हणूनच अडचणीत सापडलो. कारण त्या वाड्यावरच्या आमच्या अशिलाने सही करता-करता त्या घराची माहिती दिली होती. घरात एक विधवा वृद्धा एकटी राहते. मुलगा बोटीवर नोकरीला. नाताळला तो येणार होता, करार संपायला उशीर झाला. म्हातारीने नखेत्र तसेच ठेवले आहे, गोठाही मांडलेला आहे. मुलगा येईल तेव्हा उतरवीन म्हणते. वाड्यावरचे काही लोक कुजबुजतात. 'कोणीतरी जाऊन सांगायला हवे' असेही आमचा अशील म्हणाला. माझ्या शेजाऱ्याने केले ते योग्य होते, तर येथेही कोणी शिडी घेऊन जाणे योग्य का नव्हे?

गाडीत आम्ही दोघे यावर बराच वेळ बोललो. मी माझ्या परीने बचाव मांडला. मुदतीचा जो कायदा आपण रोज उगाळतो, १९६३चा, त्याच्याच पाचव्या कलमात विलंब माफ करण्याची सोय आहे. अपील किंवा अर्ज उशिरा आला, आणि पक्षकाराने पुरेसे कारण दाखवले, तर न्यायालय दार उघडते. पुरेसे कारण म्हणजे काय याचे एक सूत्र वकील लोक बाळगतात: झोपून राहिलेल्याला माफी नाही, धडपडणाऱ्याला आहे. आमच्या घरचा कंदील झोपून राहिलेला होता. त्यात दिवा नव्हता, त्याची कोणी निगा राखीत नव्हते, तो कोणाचीही वाट पाहत नव्हता. ज्याची पाहावी तो येणार नव्हता. तो उतरवायला आम्ही धजत नव्हतो, इतकेच. त्या म्हातारीचे नखेत्र रोज संध्याकाळी लागते. रोज लावण्यासाठी रोज कोणीतरी उठावे लागते. तारा राजांना वाट दाखवण्यासाठी. तिचा राजा अजून वाटेवर आहे. मग तारा उतरेल कसा?

स्नेही मुरब्बी. ते म्हणाले, "युक्तिवाद गोड आहे, पण तू अर्धेच कलम वाचतो आहेस. पाचवे कलम अपिलाला आणि अर्जाला आहे, दाव्याला नाही. दावा एक दिवस उशिरा आला तरी बाद. का? कारण कोठेतरी शेवट हवा. मुलगा पुढच्या नाताळापर्यंत आला नाही तर? तर ते नखेत्र वर्षभर राहणार, आणि तुझ्या त्या हॉटेलाच्या माळांत आणि त्याच्यात फरक तो काय?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. वाट पाहणारे माणूस कोठवर वाट पाहते आहे आणि कोठून पुढे ते फक्त उतरवायला घाबरते आहे, ही रेघ बाहेरून कोणाला दिसणार? माझ्या शेजाऱ्याला ती दिसली, कारण तो तीस वर्षे भिंतीपलीकडे राहिलेला होता आणि आईचे ओटीवर न बसणे त्याने पाहिले होते. गाडीतून जाता-जाता पाहणाऱ्या दोन वकिलांना ती दिसण्याचे काही कारण नव्हते. आम्ही दोघेही, मी बचाव करणारा आणि ते आरोप करणारे, सारखेच अनधिकारी होतो. डिचोली आली तेव्हा आम्ही गप्प होतो.

पुढची तारीख मार्चात पडली. शिगम्याचे दिवस होते. पेडण्याच्या रस्त्यावर ढोल ऐकू येत होते. त्याच अशिलाकडे पुन्हा जाणे होते. स्नेही या खेपेस बरोबर नव्हते. वाड्याच्या टोकाशी गाडी थांबवून मी मुद्दाम पाहिले. वाशाला नखेत्र नव्हते. माझ्या मनाला बरे वाटले: मुलगा आला तर. म्हातारी दारातच तांदूळ निवडीत बसली होती. आमच्या अशिलाने ओळख करून दिली तेव्हा तिने बसायला पाट दिला. मी विचारले, "माय, पूत पावलो?"

"ना रे बाब," ती म्हणाली. "एप्रिलांत येतां म्हणून फोन आयलो. मोपाच्या विमानतळार देंवतलो, लागींच पडटा."

"मागीर नखेत्र?"

तिने माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिले. एवढे शिकलेल्या माणसाने असे विचारावे याचे आश्चर्य असावे. "कोरेज्म सुरू जालो न्हय? कार्निव्हालाच्या मंगळारा हांवेंच देंवयलें. उपासाच्या दिसांनी नखेत्र शोबना."

पाच मार्चला राखेचा बुधवार होता. त्या दिवसापासून ख्रिस्ती लोकांचे व्रताचे चाळीस दिवस सुरू होतात, घरात आणि चर्चेत शृंगार करीत नाहीत. त्याच्या आदल्या संध्याकाळी, गोवा कार्निव्हालच्या नाचात असताना, तिने खुर्चीवर चढून नखेत्र एकटीने उतरवले होते. कोणी सांगायला आले नव्हते. येणार असे तिच्या कानावर होते काय, हे मी विचारले नाही.

नखेत्र आतल्या खोलीत कपाटावर ठेवलेले होते. कागद फाटू नये म्हणून त्यावर जुनी साडी घातली होती. गोठ्यातल्या मूर्ती डब्यात गेल्या होत्या, पेंढा शेजारच्या गाईने खाल्ला होता. बाळ येशूची मूर्ती तेवढी तिने देव्हाऱ्यात ठेवून दिली होती. मुलासाठी केलेल्या दोदोलाचे विचारले तर म्हणाली, ते जानेवारीतच वाड्यावरच्या पोरांना वाटले. त्याला ईस्टराला ताजे करीन. मग तिने माझ्या अशिलाला विचारले की नारळ काढायला पाडेली कधी मिळेल, आणि त्या दोघांचे बोलणे नारळाच्या भावाकडे वळले. मी कागदांवर सह्या घेतल्या आणि ऊन चढायच्या आत न्यायालयात परतलो.